काशी सोनगीरला जाते

मोटारीतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. गाडीचा रंग कोणता आणि खिडकीची जागा मिळणार की नाही, एवढंच मी बघते, कारण दोन वळणं लागली की माझ्या पोटात ढवळायला लागतं. त्यामुळे जळगावच्या रेखाने "आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाबरोबर तीन दिवस फिरायला ये" असा फोन केला, तेव्हा मी आधी हसले. मग ती म्हणाली, "अगं, जानेवारीत भरीत असतं." मी तिकीट काढलं. रत्नागिरीहून जळगावला पोचेपर्यंत माझं काय काय झालं ते रडगाणं इथे गात नाही. पोचले, अंघोळ केली, माणसात आले.

जळगाव

रेखा आणि मी डी.एड.ला असताना एका खोलीत राहायचो. तिचे यजमान जाऊन आठ वर्षं झाली. मागे त्यांची फिकट हिरवी, जेमतेम चार माणसांची एक जुनी गाडी राहिली. विकायला तिचं मन होईना आणि अंगणात नुसती उभी बघवेना, म्हणून बाईने छप्पन्नाव्या वर्षी गाडी शिकून घेतली. हॉस्टेलात पंख्याचं बटण दाबायलासुद्धा मला हाक मारणारी ही बाई आता गाडीचा प्लग काढते, पदराने पुसते आणि परत लावते. मी थक्क होऊन बघत राहिले.

तिच्या गाडीचं नाव चिमणी. या मंडळात गाडीला कंपनीच्या नावाने हाक मारायची पद्धत नाही. मी पहिल्याच दिवशी एका काळ्या गाडीकडे बोट दाखवून "ही कुठल्या कंपनीची?" असं विचारलं, तर मंडळाचे चिटणीस पाटील सर जरा दुखावल्यासारखे झाले. "कंपनी कागदावर असते ताई. घरात कुणी कुणाला आडनावाने हाक मारतं का?" त्या काळ्या गाडीचं नाव मैना होतं.

पाटील सर शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले तरी त्यांचा हात हवेत फळा शोधतो. दर रविवारी सकाळी त्यांच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत दहा-बारा गाड्या जमतात, बॉनेटं उघडतात आणि माणसं त्यात डोकी घालून उभी राहतात. लांबून वाटतं काही मोठं दुरुस्तीचं काम चाललंय. जवळ गेलं की कळतं, कुणाच्या मुलीचं जमतंय, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळं त्या उघड्या बॉनेटांखाली चाललेलं असतं. पोहे येतात, चहा येतो. अकरा वाजता बॉनेटं बंद होतात आणि तितक्या वेळात एखादी गाडी खरोखर दुरुस्तही झालेली असते.

मंडळाचे नियम पाटील सरांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून काढलेत. त्यातले दोन लक्षात ठेवा. एक, वाटेत एक गाडी थांबली की सगळ्या थांबणार. पुढे कोणी जायचं नाही. आमच्याकडे रस्त्यात कोणाची गाडी बंद पडली तर आम्ही काच खाली करून "काय झालं हो?" असं विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जातो. इथे मात्र सतरंज्या काढतात, डबे उघडतात. दुसरा नियम त्याहून कडक. मालकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या गाडीच्या बॉनेटला हात लावायचा नाही. या नियमामागे म्हणे एक जुनं भांडण आहे. दोन सख्खे मित्र एका पान्यावरून वर्षभर बोलत नव्हते.

यावल

पहिल्या दिवशी तापी ओलांडून यावलकडे गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी, आणि त्यांच्या मागे सातपुडा. मी नारळी-पोफळीत वाढलेली, मला बागांचं अप्रूप नाही, असं मी मनाशी घोकत होते. पण आमच्या बागा उतारावर, घराच्या कडेकडेने असतात. इथली बाग संपतच नाही. गाडी चालते आहे, केळी चालते आहे. मला मळमळलं नाही, कारण खानदेशातल्या रस्त्यांना वळणं घ्यायचा कंटाळा आहे आणि चिमणीला वेगाचा.

एका सभासदाच्या बागेत जेवण होतं. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून त्यावर हिरवी लांबट वांगी भाजली होती. दोघं पुरुष लाकडी भांड्यात ती मिरचीबरोबर ठेचत होते. केळीच्या पानावर भरीत, पुऱ्या, कांद्याची पात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारी जीपवाले सलीमभाई बसले होते. जळगावात त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान आहे, आणि मंडळातल्या सगळ्या गाड्यांचे डॉक्टर तेच. त्यांनी माझ्याकडे बघून पाणी पुढे केलं. "ताई, पानी पिऊ नका, अजून जळेल. केळं खा."

"मग पाणी पुढे कशाला केलंत?"

"मेहमान आहात ना. विचारायला पाहिजे."

तिथेच मला काशीची हकीकत कळली. काशी म्हणजे धुळ्याच्या नानांची गाडी. नाना शहात्तर वर्षांचे, धुळ्याच्या कडेला त्यांची शेती. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मंडळाची वर्षाची फेरी सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी संपते, आणि गेली दोन वर्षं काशी तिथे पोचलीच नव्हती. दोन्ही वेळा टेम्पोवर चढून घरी आली. नानांचा मुलगा संजय पुण्यात नोकरीला असतो. पुण्याजवळच्या एका हॉटेलवाल्याला दारात शोभेला ठेवायला जुनी गाडी हवी आहे. बॉनेट काढून त्यात फुलझाडं लावणार आहे म्हणे. बाप-लेकात असं ठरलं होतं, की यंदा काशी आपल्या पायांनी सोनगीरला पोचली तर राहील, टेम्पोवर चढली तर टेम्पो थेट पुण्याला जाईल.

"फुलझाडं!" रेखा म्हणाली आणि हातातली पुरी पानावर टाकली. "जिवंत गाडीत!"

मला खरं सांगायचं तर तेव्हा हसू येत होतं. धुळे ते सोनगीर विसेक किलोमीटर. आमच्याकडे लोक ताजी मासळी मिळते म्हणून एवढ्या लांब जातात.

धुळे

दुसऱ्या दिवशी एरंडोल, पारोळा करत धुळ्याला. नव्वदेक किलोमीटरला आम्ही सकाळचे निघून चार वाजता पोचलो. मैनेचा पंखा दोनदा थांबला आणि दोनदा सतरंज्या अंथरल्या गेल्या. मी आयुष्यात एका दिवसात एवढे शेंगदाणे खाल्ले नव्हते.

नाना खळ्याच्या तोंडाशी उभे होते. पांढरी टोपी, उजव्या गुडघ्याला पट्टा. "या ताई, बठ्ठं घर तुमनंच शे. आधी पानी पी ल्या," म्हणाले, आणि लगेच, "तठे कोकनमा भाकर खातस का नुसता भातच?" मी म्हटलं, तांदळाची भाकरी खातो. यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही दयेने बघितलं, की रात्रीच्या जेवणात माझ्या पानात कळण्याच्या भाकरीची चवड लागली. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली ही भाकरी, वर तेल, तिखट, आणि शेवेची झणझणीत भाजी. नाही म्हणायची सोय नाही. इथे पाहुण्याने "पुरे" म्हटलं की वाढणाऱ्याला ते "आण" असं ऐकू येत असावं.

काशी खळ्याच्या कोपऱ्यात पत्र्याच्या शेडखाली उभी होती. तपकिरी, रुंद, डोळे वटारलेली. मला गाड्यांतलं कळत नाही, पण ही बाई घरातली आहे एवढं दिसत होतं. जाताना येताना नानांचा हात तिच्यावरून फिरत होता.

संजय मला हॉटेलवाल्याच्या बातमीवरून जसा वाटला होता तसा निघाला नाही. पन्नाशीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. संध्याकाळी खळ्यात बसलो होतो तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "वडिलांची एवढी आवडती गाडी, का काढतोस?"

तो म्हणाला, "गेल्या पावसाळ्यात नाना शिरपूरच्या रस्त्यावर गाडीत एकटे अडकले होते. चार तास. गुडघ्यामुळे ब्रेक नीट दाबता येत नाही, हे ते कुणाला सांगत नाहीत. मला फोन आला तेव्हा मी पुण्यात मीटिंगमध्ये. मी काय करणार होतो तिथून? ताई, मला गाडी नको असं नाही. मला तो फोन परत नको."

आतापर्यंत मी मनातून नानांच्या बाजूला होते, आता कुठल्या बाजूला व्हावं कळेना. संध्याकाळी मंडळी इकडेतिकडे पांगली. कोणी नमाजाला गेलं, कोणी देवळात, कोणी शेवभाजीचा मसाला विकत आणायला. त्या संध्याकाळी काय काय झालं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळणार होतं.

सोनगीरच्या वाटेवर

सकाळी चांगलाच गारठा होता. गाड्यांना हळदीकुंकू झालं. काशीला नानांनी समोरून हँडल मारलं. एरवी ती तिसऱ्या झटक्याला उठते म्हणे. दहा झाले, पंधरा झाले. नानांच्या हातातून हँडल संजयने घेतलं. शेवटी सगळ्यांनी मिळून ढकलली तेव्हा तिने एक प्रचंड ढेकर दिला आणि सुरू झाली. मागून धूर निघाला. आधी काळा, मग निळसर, मग दोन्ही एकदम. मागच्या चिमणीत बसून रेखा आणि मी खोकत होतो.

"असं कधी करत नाही गं ती," रेखा म्हणाली. तिचा आवाज मला जरा घाबरल्यासारखा वाटला.

हायवेला लागून पाचेक किलोमीटर गेलो असू. काशी गचके खायला लागली, दोनदा फटाका फुटावा तशी वाजली आणि एका कडुनिंबाखाली थांबली. नियमाप्रमाणे सगळ्या थांबल्या. पण सतरंजी कोणी काढली नाही. सगळे काशीभोवती, आणि नाना स्टिअरिंग धरून आतच बसलेले.

सलीमभाईंनी नानांना विचारून बॉनेट उघडलं आणि वाकले. पाटील सर त्यांच्या शेजारी वाकले. सर म्हणाले, "काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. कार्ब्युरेटरचा पेच कोणीतरी फिरवलाय."

सलीमभाई सरळ उभे राहिले, टोपी काढली आणि गाडीच्या खिडकीशी गेले. "नाना, मीच फिरवला. काल नमाजनंतर आलो, तुम्ही आत होते. अर्धाच पेच फिरवला, अल्ला कसम. म्हटलं थोडं पेट्रोल जास्त भेटलं तर चढ चढेल बिचारी."

पाटील सरांचा चेहरा कडक झाला. "सलीमभाई, नियम आहे आपला. मालकाला न विचारता..." असं म्हणता म्हणता त्यांचा आवाज बारीक होत गेला. हवेत गेलेला हात खाली आला. "फटाके वाजत होते ते माझ्यामुळे," ते म्हणाले. "ठिणगीचं टायमिंग थोडं पुढे घेतलं मी. पुस्तकात दिलंय तसं. सलीमभाई नमाजाला गेले तेव्हा."

आता माझ्या मैत्रिणीकडे बघायचं मला धाडस होईना, कारण ती पदराचं टोक पिळत होती. "निळा धूर माझा," रेखा म्हणाली. "सगळे जेवायला बसले तेव्हा मी ऑईल ओतलं. मापाची पट्टी काढून बघायला अंधारात दिसत नव्हतं. म्हटलं कमी पडण्यापेक्षा जास्त बरं."

मी हसले. नको तिथे हसायची मला सवय आहे. पण मग सलीमभाई हसले, मैनावाले हसले, आणि आतून नानांचा खो खो आवाज आला. "बठ्ठा जन डॉक्टर व्हई ग्यात!" ते म्हणाले. "आरे, पन मन्ही काशीले काय व्हयेल व्हतं? तिले काहीच व्हयेल नव्हतं!"

खरंच काही झालं नव्हतं. एका धडधाकट बाईला तिघांनी चोरून तीन औषधं पाजली होती. पेच अर्धा उलटा फिरला. टायमिंग मागे आलं. खालचा नट ढिला करून जास्तीचं ऑईल डब्यात काढलं. काशी दुसऱ्या झटक्याला उठली आणि तिच्या मागचा रस्ता स्वच्छ दिसायला लागला. रेखाने माझ्या मांडीवर थाप मारली. आम्ही निघालो.

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली.

सोनगीरचा किल्ला समोर दिसायला लागला होता. बुटका, रुंद डोंगर, वर तटाची मोडकी रेघ. गावाकडे वळून चढ लागला आणि काशीच्या पुढून वाफेचा लोट उठला. थांबली. इंजिन तापून पाणी उकळत होतं. किल्ला एवढा जवळ होता की तिथे चरणाऱ्या शेळ्या मोजता आल्या असत्या.

या वेळी कोणी हसलं नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. "मी नाही," सलीमभाई म्हणाले. "मी पण नाही," पाटील सर. रेखाने नुसती मान हलवली. मागून एक रिकामा टेम्पो आला, थांबला, आणि ड्रायव्हर भल्या मनाने म्हणाला, "काय नाना, टेम्पोवर चढाई देऊ का?"

नाना खाली उतरले होते. ते टेम्पोकडे बघत होते. मी त्यांच्या बाजूला उभी होते आणि त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"रुका!" सलीमभाई खाली बसले होते. काशीच्या तोंडावर ती उभी जाळी असते ना, तिच्या खालून त्यांनी हात घातला आणि ओढलं. आतून घडी केलेलं गोणपाट निघालं. जाळी आणि रेडिएटर यांच्या मध्ये कोणीतरी नीट बसवून ठेवलेलं. वारा आत जायला जागाच नव्हती.

पेच फिरवणं, ऑईल ओतणं वेगळं. गाडीचं नाक दाबून ठेवणं वेगळं. सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे गेले, कारण गाडी पोचली नाही तर फायदा एकाचाच होता. संजयचा चेहरा पांढरा पडला होता.

रेखाला राग आला की ती बघत नाही समोर कोण आहे. "संजय, अरे जन्मदाता बाप आहे तुझा! विकायची तर सरळ विकायची होतीस!"

"मीच लावलं ते," संजय म्हणाला. तो आमच्याशी बोलत नव्हता, नानांशी बोलत होता. "पहाटे लावलं. एवढी थंडी होती. आजोबा लावायचे ना हिवाळ्यात. इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून. मला वाटलं, सकाळी उठणार नाही ही. म्हणून लावलं. मग ती सुरूच होईना, सगळे ढकलायला लागलो... काढायचं राहिलं नाना."

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं.

नानांनी सलीमभाईंच्या हातातून गोणपाट घेतलं. उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाले, "ते काढानं काम तुनंच व्हतं." आमच्याकडे वळून म्हणाले, "एवढासा व्हता. फाटकपाशी गाडी उनी की पळत यी आनि गोनपाट काढी ली. मन्हा बाप त्याशिवाय फाटकबाहेर गाडी काढे नही."

संजय खाली बघत होता. रेखा त्याच्यापाशी गेली आणि "चुकलं रे माझं" असं म्हणून रडायला लागली. रडताना ती त्याच्या पाठीवर धपाधप मारत होती. मीही रडले, उगाच कशाला लपवू.

टेम्पोवाल्याला सलीमभाईंनी चहाला थांबवून घेतलं. आता सतरंज्या निघाल्या. इंजिन निवेपर्यंत कळण्याच्या भाकरीचे डबे उघडले गेले, आणि मग सगळ्यांच्या बाटल्यांतलं पाणी एकेक करून रेडिएटरमध्ये ओतलं. माझ्या बाटलीतलंही. नानांनी हँडल संजयकडे दिलं. पहिल्याच झटक्याला काशी उठली. तो राहिलेला चढ तिने इतक्या सावकाश चढला की आम्ही सगळे तिच्याबरोबर चालत होतो, पाटील सर पुढे हात हलवून शेळ्या बाजूला करत होते. किल्ल्याच्या पायथ्याशी नानांनी इंजिन बंद केलं तेव्हा दुपार झाली होती.

संजयने खिशातून फोन काढला आणि आमच्या सगळ्यांसमोर हॉटेलवाल्याला सांगितलं, "नाही हो, ती गाडी विकायची नाही. नाही, पैशांचा प्रश्न नाही. ती चालू आहे." फोन ठेवून तो नानांना म्हणाला, "ठरल्याप्रमाणे."

नाना बॉनेटला टेकून उभे होते. दुखऱ्या गुडघ्यावरचा भार त्यांनी दुसऱ्या पायावर घेतला. मग किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. "गुडघा आते ऐकत नही मन्हा," ते म्हणाले. हे त्यांनी आधी कोणाला सांगितलं नव्हतं. "गाडी ऱ्हाई. पन एकटा मी चालवस नही आते. तुले यानं पडी. दर महिनाले."

संजयने किल्ली घेतली नाही. "दर महिन्याला नाही जमायचं नाना."

नानांचा हात तसाच राहिला. मला त्या क्षणी संजयचा कान पिळावासा वाटला.

"महिनाभर उभी राहिली तर बॅटरी बसते तिची," तो म्हणाला. "पंधरा दिवसांनी येत जाईन."

नानांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. ते पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि आत बसले. वडील गेल्यापासून चाळीस वर्षं ते त्या गाडीत चालकाच्या जागी बसत आले होते, त्या बाजूला कधी बसलेच नव्हते. त्यांना काच खाली करायची होती आणि तिकडचं हँडल सापडेना. दाराच्या आतल्या बाजूवर ते हात फिरवत राहिले. संजय किल्ली घेऊन आत बसला, त्यांच्या अंगावरून वाकला आणि हळूहळू फिरवत त्याने काच खाली केली.